दौंडवाली

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं होतं आणि दोन्ही खोल्यांच्या भिंती दिवसातून कितीतरी वेळा थरथरायच्या. फळीवर मांडलेल्या स्टीलच्या डब्यांची झाकणं किणकिणायला लागली की आई भाकरी थापता थापता, वर न बघता सांगायची, "मालगाडी हाय. लांबडी हाय." मग ती गाडी संपेपर्यंत आम्ही दोघी गप्प राहायचो, कारण बोललेलं ऐकूच यायचं नाही. दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझं सगळं बोलणं असं तुकड्यातुकड्यांनी झालं. आता पन्नाशी उलटली, तरी बोलता बोलता मी मध्येच थांबते आणि समोरचा माणूस म्हणतो, बोला की, थांबलात का? काय सांगणार त्याला, की गाडी जाऊ देतेय म्हणून.

दादा, म्हणजे माझे वडील, यार्डात पॉइंट्समन होते. डबे जोडायचे, सोडायचे, इंजिनाला हिरवं-लाल निशाण दाखवायचं. मनमाडकडच्या काही गाड्यांची तोंडं दौंडला फिरायची. एका टोकाचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि गाडी आली होती तिकडंच उलटी निघाल्यासारखी निघायची. नवखे प्रवासी खिडकीतून ओरडायचे, "अहो, परत कुठं चालली ही?" दादा संध्याकाळी जेवताना त्यांची नक्कल करायचे. त्यांच्या हाताला ग्रीसचा वास असायचा, साबणानं न जाणारा. आई पाट्यावर शेंगदाण्याची चटणी वाटायची, तिच्यात लसूण सढळ हातानं, आणि दादा ती भाकरीवर अशी पसरायचे की भाकरी दिसायचीच नाही. शेजारी तेलुगू कुटुंब होतं. त्यांच्या घरून रविवारी इडल्या यायच्या आणि आमच्याकडून त्यांना पिठलं जायचं. कॉलनीत कुणी कुणाला गाव विचारायचं नाही. "यार्ड का लोको?" एवढंच विचारायचे, लोको म्हणजे इंजिनांच्या शेडचे. मी यार्डवाल्यांची होते. तेवढ्यावर माझं चौदा वर्षं भागलं.

वर्षातून दोनदा आम्ही केंदूरला जायचो, जत्रेला आणि दिवाळीला. एसटीनं शिरूर, तिथं गाडी बदलून केंदूर. तिथं आईची थोरली बहीण रखमा दिली होती. तिला मी मावशी म्हणायचे आणि तिच्या नवऱ्याला सगळ्या गावासारखं आप्पा. आप्पांच्या वाडवडिलांनी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत पायपीट केली होती. आप्पांनी स्वतः विहीर पाडून कांदा आणि बाजरी धरली होती, पण सवयीपुरती सहा-सात मेंढरं दाराशी ठेवलेली. मावशी बोलायची कमी. आम्ही आलो की ती पाणी द्यायची, आईच्या पाठीवरून हात फिरवायची आणि कामाला लागायची. मला तिनं कधी जवळ घेतल्याचं आठवत नाही. जेवताना मात्र माझ्या ताटात तुपाचा गोळा मोठा पडायचा आणि तिची स्वतःची तीन पोरं त्यावरून कुरकुर करायची. मला वाटायचं, पाहुणी आहे म्हणून.

आईला पोटाचं दुखणं लागलं तेव्हा मी नववीत होते. कॉलनीतल्या दवाखान्याच्या गोळ्या झाल्या, मग पुण्याला नेलं, मग दादा एकटेच परत आले आणि त्यांच्या मागून गाडीतून आईला झाकून आणलं. त्या दिवसाचं मला एवढंच स्वच्छ आठवतं की शेजारच्या तेलुगू बाईनं माझी वेणी घातली. घरात बायका रडत होत्या आणि ती माझ्या मागं बसून शांतपणे केस विंचरत होती. मला रडू आलं नाही. मी ओळखीच्या बायकांची तोंडं बघत होते आणि ती मला ओळखीची वाटत नव्हती. एक म्हणाली, "रड गं बाई, मोकळी हो." दुसरी म्हणाली, "धक्का बसलाय पोरीला." मला धक्काही बसला नव्हता. आत नुसतं पांढरं होतं, चुना दिलेल्या भिंतीसारखं. दहाव्याला भीमेच्या काठावर गेलो, पिंडाला कावळा शिवला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मी पाण्यात तरंगणारं एक निर्माल्याचं पान बघत उभी राहिले.

तेराव्याचं जेवण उरकल्यावर दादा आणि आप्पा क्वार्टरच्या पायरीवर बसले होते. मी आत खरकटी ताटं गोळा करत होते. दोघांच्या पाठी मला दिसत होत्या.

आप्पा म्हणाले, "किसनराव, पोरीचं काय करायचं म्हनताय?"

दादांनी पायरीवरचा खडा उचलून खाली टाकला. मग म्हणाले, "आप्पा, तिनं मागितली म्हणून तुम्ही दिली. आता तीच न्हाई राहिली. तुमची हाय पोरगी. तुम्ही म्हणाल तसं."

"दिल्याली पोर हाय. मागं कशी घ्यायची?"

"मी ड्युटीवर असतो रातंदिस. वयात आलेली पोर एकटी कशी ठेवू घरात?"

माझ्या हातात सहा-सात ताटं होती. मी ती मोरीत नेऊन ठेवली, घासली, पुसून फळीवर लावली. मला कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मावशी आत कोपऱ्यात बसली होती. मी ताटं घासताना ती माझ्याकडं बघत होती, आणि तिला कळलं की मला कळलं. ती उठून आली नाही. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि मान दुसरीकडं फिरवली. चार दिवसांनी माझी पत्र्याची पेटी शिरूरच्या गाडीच्या टपावर चढली. दादा निरोप द्यायला आले होते. त्यांनी मला वडापाव घेऊन दिला, आणि गाडी सुटताना सवयीनं हात वर करून यार्डातल्यासारखी खूण केली, जा म्हणून.

केंदूरला पहिले कित्येक आठवडे मला झोप लागत नव्हती, कारण काहीच हलत नव्हतं. भांडी जागच्या जागी गप्प. मेंढरं खोकायची, माणसासारखी, तेवढाच आवाज. सकाळी मेंढीच्या दुधाचा चहा असायचा, दाट, वरती साय, आणि त्याला जो वास यायचा तो मला सुरुवातीला सोसायचा नाही. मावशी हुलग्याचं माडगं करायची, त्यात लसूण-मिरचीची फोडणी, आणि वाटीभर माझ्यासमोर ठेवून म्हणायची, "घे." दुसरं काही म्हणायची नाही. ती माझी आई आहे हे आता मला ठाऊक होतं, मला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं, आणि तरी मी तिला मावशीच म्हणत राहिले. तिनं कधी म्हटलं नाही की आई म्हण. म्हटलं असतं तर मी म्हटलंही असतं. त्या काळात मला जे सांगतील ते मी करायची. पाणी शेंदायला सांगितलं, शेंदायची. कांदे उपटायला सांगितलं, उपटायची. भावंडांनी मला नाव ठेवलं 'दौंडवाली', तर दौंडवाली म्हटल्यावर मी वळून बघायची. शेजारच्या बाया पाणवठ्यावर विचारायच्या, "दौंडवाली व्हय गं तू? रखमाची?" मी म्हणायची, हो. दोन्ही प्रश्नांना मिळून एकच हो.

शाळेत हजेरीला मास्तर म्हणायचे, सुनंदा किसन. माझ्या मागच्या बाकावर माझा सख्खा भाऊ, त्याच्या नावापुढं तुकाराम, म्हणजे आप्पांचं नाव. पोरं विचारायची, "हा तुझा भाऊ ना? मग बाप दोन कसे?" भाऊ चिडून मारामारी करायचा. मी वहीत समास आखत बसायची. एका वर्षानं दौंडहून निरोप आला की दादांनी दुसरं लग्न केलं. आप्पा जाऊन अक्षता टाकून आले. येताना तिकडच्या रेशनकार्डावरून माझं नाव कमी केल्याचा कागद घेऊन आले. तो कागद आप्पांनी देव्हाऱ्यामागं खोचून ठेवला, आणि इकडच्या कार्डावर नाव चढवायला जाऊ, जाऊ म्हणता राहूनच गेलं. असं करत तीन-चार वर्षं मी कुठल्याच कार्डावर नव्हते. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. माझ्या वाटची भाकरी रोज होत होती.

बारावी झाली. गावात आठवड्यातून दोनदा लस टोचायला एक सिस्टर यायच्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, चालताना धापा टाकणाऱ्या. मी त्यांच्यासाठी बायकांना बोलवायला जायची, बाळांची नावं लिहून द्यायची. त्या एकदा म्हणाल्या, "तुझं अक्षर चांगलंय आणि तू रडणाऱ्या पोराला घाबरत नाहीस. नर्सिंगचा फॉर्म भर." मला नर्स व्हायचं होतं का? मला काहीच व्हायचं नव्हतं. पण फॉर्म भर म्हटल्यावर मी भरला. त्याला जातीचा दाखला हवा होता. दाखल्यासाठी बापाचे कागद हवे होते. आणि तिथं सगळी गुंतवळ बाहेर आली. शाळेच्या दाखल्यावर बाप किसन. राहणं केंदूरला, तुकारामाच्या घरी. ग्रामपंचायतीच्या जन्माच्या वहीत त्या वर्षी तुकारामाला एक मुलगी झाल्याची नोंद होती, पण नावाचा रकाना कोरा. म्हणजे केंदूरला एक मुलगी जन्मली होती जिला नाव नव्हतं, आणि दौंडला एक सुनंदा शाळेत गेली होती जी कुठं जन्मलीच नव्हती. दत्तकाचा कागद कुणी केला नव्हता. बहिणीनं बहिणीला पोर दिली, त्याला कागद कसला, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं.

दादांच्या नोकरीच्या सर्व्हिस बुकात जात लिहिलेली होती आणि त्यांचं मूळ गावही शिरूर तालुक्यातलंच. त्याचा उतारा आणायला मी एकटी दौंडला गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. दार दादांच्या नव्या बायकोनं उघडलं, कमल तिचं नाव, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. कडेवर वर्षाचं मूल. तिला काय म्हणावं मला कळेना म्हणून मी काहीच म्हटलं नाही. ती म्हणाली, "सुनंदा ना? ये की, बाहेर का उभी?" तिनं पोहे केले, वरून ओलं खोबरं घातलं. आईचा फोटो भिंतीवर होता आणि त्याची काच रोज पुसलेली कळत होती. माझ्या कॉटवर बाळाची दुपटी वाळत घातली होती. मी पोहे खात असताना फळीवरचे डबे किणकिणायला लागले आणि कमल म्हणाली, "मेली ही गाडी. बाळ उठतंय आता." बाळ उठलं. मी त्याला घेतलं, थोपटलं, ते झोपलं. कमल म्हणाली, "तुला येतं की गं." मग खाली मान घालून म्हणाली, "राग न्हाई ना तुझा माझ्यावर?" मी म्हटलं, नाही. खरंच नव्हता. राग यायला आत काहीतरी जागं असावं लागतं.

दादा ड्युटीवरून आले. दारात मला बघून थबकले, मग चपला काढायला वाजवीपेक्षा जास्त वेळ लावला. मी काम सांगितलं. ते म्हणाले, "उतारा देतो मी. पण आप्पांना विचारलंस का? त्यांचं नाव लावायचं असंल त्यांना."

"ते म्हणतात, तुम्हाला विचार."

दादांनी डोकं खाजवलं. "येतो मी शिरूरला. बुधवारी. आप्पांनाबी यायला सांग."

बुधवारी शिरूरच्या कचेरीत आम्ही तिघं एका बाकावर बसलो. डावीकडं दादा, यार्डाचा निळा शर्ट घातलेले, उजवीकडं आप्पा, फेटा बांधलेले, भर उन्हाळ्यात खांद्यावर घोंगडी. मी मध्ये, मांडीवर कागदांची पिशवी. दोघं माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलत होते. पाऊस लवकर येतोय म्हणतात. कांद्याचं काय मग. यार्डात नवी लाइन टाकतायत. आमचा नंबर आला तेव्हा दुपार कलली होती. क्लार्क वयस्क होता, त्रासलेला पण वाईट नव्हता. त्यानं कागद एकेक करून टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि चष्म्यावरून आमच्याकडं बघितलं.

"राहते केंदूरला. पहिली शाळा दौंडची. हे नाव जन्माच्या वहीत नाही, आणि वहीत जी मुलगी आहे तिला नाव नाही. बरं, यातले वडील कोण? मुलीचे वडील कोण, दोघांपैकी?"

आप्पांनी दादांकडं हात केला. दादांनी आप्पांकडं. एकाच वेळी.

मागं रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. क्लार्क म्हणाला, "अहो, घरनं ठरवून यायचं की."

दोघांचेही हात तसेच थोडा वेळ हवेत होते, मग खाली आले. कुणी दुसऱ्याकडं बघेना. मी क्लार्कच्या टेबलाच्या काचेखाली सारलेला गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा तुकडा बघत होते. मला वाटलं, बरोबरच आहे. यांनी मला नको म्हटलं, त्यांनीही नको म्हटलं, आता क्लार्क काय लिहील तेवढं बघायचं. पुढं कितीतरी वर्षं मी त्या दोन हातांचा अर्थ असाच लावत आले. आप्पांच्या शेवटच्या आजारपणात त्यांची पाठ पुसताना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, त्येनं तुला चौदा वर्सं सांभाळली. त्येच्याम्होरं म्या कसं म्हनू, बाप मी हाय?" आणि दादांना मी विचारलंच नाही, पण मला वाटतं त्यांनीही तसंच काहीतरी सांगितलं असतं. दोघं एकमेकांना मान देत होते. मान माझ्या डोक्यावरून इकडून तिकडं गेला आणि मी तशीच कोरी राहिले.

क्लार्कनं शेवटी मलाच विचारलं. "तू सांग, बाळ. काय लिहू?"

"किसन," मी म्हटलं. "शाळेत तेच आहे. तेच लिहा."

"विचार करून सांग. पुन्हा बदलायला फार हेलपाटे पडतात."

"तेच लिहा."

मी त्यात प्रेम घातलं नव्हतं की राग घातला नव्हता. शाळेचे सगळे कागद त्या नावाचे होते, नाव बदलायला महिने गेले असते आणि फॉर्मची तारीख जवळ आली होती. पण माझ्या उजव्या बाजूला घोंगडी जराशी सरकली, ते मला जाणवलं. दादांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली, जोडाक्षर चुकवून. साक्षीदार म्हणून आप्पांचा अंगठा घेतला. साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं काय, असा एक रकाना होता. क्लार्कनं दोघांकडं एकदा बघितलं आणि लिहिलं, 'नातेवाईक'. आप्पांना वाचता येत नव्हतं. त्यांनी अंगठ्याची शाई घोंगडीला पुसली आणि क्लार्कला हात जोडले.

एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही चहा आणि कांदाभजी घेतली. दादा म्हणाले, "चार दिवस ये दौंडला. कमल म्हणत व्हती." मी भज्याचा तुकडा मोडत राहिले. आप्पा बशीतल्या चहाकडं बघत होते. मग दादांनी सांगितलं की कागदांच्या झेरॉक्स काढून ठेव, मूळ प्रती कचेरीत हरवतात. म्हणून मी पिशवी घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात गेले. तिथं रांग होती, मध्येच लाइट गेली, मशीन पुन्हा तापायला वेळ लागला. मी परत आले तेव्हा हॉटेलातलं आमचं टेबल पुसून झालं होतं. स्टँडवर गेले. केंदूरची गाडी गेलेली, दौंडचीही, दोन्ही एकदमच सुटलेल्या. आप्पांना वाटलं होतं, बापाचं नाव आत्ताच तर लावलंय, पोरगी त्याच्याबरोबर जाणार. दादांना वाटलं होतं, पोरगी घरी जाणार, आणि घर म्हणजे केंदूर. दोघंही आपापल्या गाडीत बसून निश्चिंत गेले.

पुढचं इथंच सांगून टाकते. दाखला पंधरा-वीस दिवसांनी मिळाला. फॉर्म वेळेत गेला, माझा नंबर लागला, मी नर्स झाले आणि तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून नोकरी केली. लग्न झालं, दोन मुली झाल्या. दादा आणि आप्पा दोघंही बऱ्याच वर्षांनी, सहा महिन्यांच्या अंतरानं गेले, दोघांचंही दुखणं मी काढलं. लोक म्हणतात, सगळं चांगलं झालं की. झालंच. पण त्या दुपारी शिरूरच्या स्टँडवर सिमेंटच्या बाकावर बसले होते, तेव्हा जगात एकाही माणसाला मी कुठं आहे ते माहीत नव्हतं, आणि मला भीती वाटली नाही, हे मला आजही विचित्र वाटतं. मी समोरच्या फळवाल्याला केळ्यांवरून ओलं फडकं फिरवताना बघत बसले. एका बाईनं मला विचारलं, "पोरी, कुठं जायचंय?" मी म्हटलं, "बघते." गाड्या येत होत्या, जात होत्या. अखेर केंदूरची गाडी आधी लागली म्हणून मी तिच्यात चढले. दौंडची आधी लागली असती तर दौंडला गेले असते. हे मी आता कुणापासून लपवत नाही.

फाट्यावर उतरले तेव्हा सूर्य टेकला होता. वस्तीकडं जाणारी कच्ची वाट तिथून सुरू होते. बाभळीखाली मावशी उभी होती. तिच्या डोक्यावर गवताचा भारा नव्हता, हातात विळा नव्हता, कळशी नव्हती. रिकाम्या हातांनी उभी राहिलेली मी तिला त्याआधी कधी बघितली नव्हती.

"आलीस व्हय," ती म्हणाली.

"तू इथं काय करतेस, मावशी?"

"तुजा बाप म्हनला, पोरगी तिच्या बापाबरं गेली दौंडला." आपण काय बोललो ते तिच्या कानाला खटकलंही नाही. "म्या म्हनलं, बघावं तरी. फाट्यावर थांबल्याली ही तिसरी गाडी."

"आणि मी आले नसते तर?"

"तर न्हाई आलीस." तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, काखेत धरली आणि पुढं चालायला लागली. मी मागून. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "कुनाचं नाव लागलं?"

"दादांचं."

"आन् आईचं?"

"तिचंच. हिराबाई."

"बरं झालं," ती म्हणाली. पुढं काही पावलं नुसता तिच्या वहाणांचा फरफर आवाज येत होता. मग ती बोलायला लागली, माझ्याकडं न बघता, समोरच्या वाटेशी बोलल्यासारखी. "तुला हिरीच्या वटीत घातली तवा दीड वर्साची व्हतीस. तिला बारा वर्सं मूल न्हवतं. पाया पडली माज्या. धाकटी भन पाया पडती म्हंजी काय. दिली. ती रडत व्हती, तुजा आप्पाबी गोठ्यात जाऊन रडला. मी न्हाई रडले. तुमी गाडीत बसला, गाडी गेली, म्या घरी येऊन भाकऱ्या थापल्या. मला कायबी वाटंना. बाया येऊन तोंडाकडं बघून जायच्या. सासू म्हनली, हिला काळीजच न्हाई. मलाबी तसंच वाटाया लागलं, की माजं कायतरी मेलं असंल. तू यायचीस दिवाळीला तवाबी कायच वाटायचं न्हाई बग. नुसतं ताटात तूप जास्त पडायचं हातनं."

मी थांबले. ती चालतच होती, तिला मी थांबल्याचं कळलं नाही. आई गेल्या दिवसापासून मी जे आत घेऊन फिरत होते, ज्याचं नाव मला माहीत नव्हतं, जे दाखवायला लाज वाटायची, ते माझ्या पुढं दहा पावलांवर चालत होतं, माझ्या कागदांची पिशवी काखेत धरून. दोन घरांत मिळून मी कुणासारखी दिसते हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी भरभर चालून तिला गाठलं.

"मग कधी बरं झालं?" मी विचारलं.

"काय?"

"ते काही न वाटणं."

तिनं विचार केला. "काय म्हाईत. कामात राह्यलं." मग म्हणाली, "आंगाला कळतं पर. दूध यायचं. तू न्हाई आन् दूध यायचं. चुलीम्होरं बसून पिळून टाकायची."

"किती दिवस?"

"अडतीस," ती म्हणाली.